डेटा कोण मागतं आणि पैसे कोणाकडे मागायचे?

भारतातल्या मोबाइल कंपन्यांनी गेली काही वर्षं सरकारकडे एक मागणी लावून धरली आहे. यूट्यूब, नेटफ्लिक्स, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप अशा मोजक्या बड्या सेवांमुळे आमच्या नेटवर्कवर सगळ्यात जास्त भार पडतो, असं त्या म्हणतात. हा भार पेलायला टॉवर, फायबर आणि स्पेक्ट्रमवर पैसा आम्ही ओततो, आणि त्याच नेटवर्कच्या जिवावर जाहिरातींचा पैसा ते कमावतात. तेव्हा खर्चातला वाटा त्यांनी आम्हाला द्यावा. जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया एरवी एकमेकांचे ग्राहक पळवायला टपलेल्या असतात, पण या मागणीवर तिघींचं एकमत आहे. त्यांची संघटना सीओएआय या वाट्याला ‘फेअर शेअर’ म्हणते. जुलै २०२३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या व्हिडिओ-मेसेजसारख्या सेवांबद्दल मतं मागवली, तेव्हा तिन्ही कंपन्यांनी हीच बाजू लेखी मांडली.

पहिल्यांदा ऐकताना यात काही वावगं वाटत नाही. ज्याच्यामुळे खर्च वाढला त्याने तो भरावा, याला कोण नाही म्हणेल? माझं म्हणणं इतकंच आहे की खर्च ज्याच्यामुळे वाढतो, तो इथे चुकीचा पकडला जातोय. आणि ही मागणी मान्य झालीच तर तिची झळ नेटफ्लिक्सला कमी बसेल. जास्त बसेल ती आपल्याला आणि इंटरनेटवर काहीतरी नवं उभं करू पाहणाऱ्या लहान माणसांना. ते का, हे समजायला आधी नेटवर्कचा खर्च नेमका कुठे होतो ते पाहावं लागेल.

व्हिडिओ येतो कुठून?

समजा, कराडमध्ये बसून तुम्ही फोनवर एक व्हिडिओ लावला. तुमची मागणी फोनपासून टॉवरपर्यंत हवेतून जाते. टॉवरपासून पुढे ती फायबरने जाते, किंवा डोंगराळ भागात एका डिशकडून दुसऱ्या डिशकडे मायक्रोवेव्हने. तिथून ती तुमच्या कंपनीच्या पुण्या-मुंबईतल्या मोठ्या केंद्रात पोचते. पुढे काय होतं हे त्या व्हिडिओवर अवलंबून आहे.

व्हिडिओ पुष्कळ लोक पाहत असतील तर मागणीला बहुधा केंद्रापलीकडे जावंच लागत नाही. गूगल आणि नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या आपले सर्व्हर थेट इंटरनेट कंपन्यांच्या इमारतीत आणून ठेवतात. लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती त्यावर आधीच भरलेल्या असतात. याला कॅश सर्व्हर म्हणतात. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये ओपन कनेक्ट नावाने ही योजना सुरू केली. सर्व्हर नेटफ्लिक्सचा, तो इंटरनेट कंपनीला फुकट मिळतो; जागा आणि वीज मात्र तिने द्यायची. हा सौदा दोघांच्याही फायद्याचा असतो, कारण एकच सिनेमा हजार वेळा सिंगापूरहून आणण्याऐवजी तो एकदाच आणून इथून हजार वेळा देता येतो. म्हणूनच तालुक्याच्या गावातला ब्रॉडबँडवालासुद्धा ग्राहक वाढले की असा कॅश सर्व्हर मिळावा म्हणून धडपडतो.

कॅशमध्ये नसलेली गोष्ट इंटरनेट एक्स्चेंजमध्ये मिळू शकते. वेगवेगळी नेटवर्कं एका ठिकाणी येऊन एकमेकांना जोडून घेतात आणि आपापसात डेटाची देवाणघेवाण करतात, ते ठिकाण म्हणजे एक्स्चेंज. भारतात निक्सी हे सरकारी पाठबळाचं एक्स्चेंज २००३ मध्ये सुरू झालं. आज मुंबई हे देशातलं या कामाचं सगळ्यात मोठं केंद्र आहे. इथे जोडणी घेणाऱ्या नेटवर्कांपैकी बरीचशी एकमेकांकडून डेटाचे पैसे घेत नाहीत. देवाणघेवाणीत दोघांचाही खर्च वाचतो, एवढंच कारण त्यांना पुरतं.

तिथेही नसेल तर मागणी समुद्रात उतरते. ट्रायच्या नोंदीनुसार २०२३ च्या आसपास भारताला जगाशी जोडणाऱ्या १७ आंतरराष्ट्रीय समुद्री केबल होत्या, आणि त्या १४ ठिकाणी किनाऱ्याला लागत होत्या. त्यातल्या कितीतरी मुंबईत, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात. पूर्वी या केबल टेलिफोन कंपन्याच टाकत. आता चित्र पालटलं आहे. आफ्रिका खंडाला वळसा घालणाऱ्या सुमारे ४५ हजार किलोमीटरच्या टूआफ्रिका केबलमागे फेसबुकची मालक मेटा आहे, आणि तिची एक शाखा मुंबईसाठी आहे. गूगलच्या ब्लू-रामन केबलमधला, शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांचं नाव दिलेला भागही मुंबईसाठीच आखला आहे.

म्हणजे ‘बड्या कंपन्या नेटवर्कसाठी काहीच खर्च करत नाहीत’ हे खरं नाही. कॅश सर्व्हर, डेटा सेंटर, देशादेशांमधली केबल हा सगळा पल्ला त्या स्वतःच्या पैशाने पार करतात आणि डेटा तुमच्या इंटरनेट कंपनीच्या उंबऱ्यापर्यंत आणून ठेवतात. उरतो तो उंबऱ्यापासून तुमच्या फोनपर्यंतचा भाग. नेटवर्क उभारणीत सगळ्यात महाग हाच भाग असतो. टॉवर, बॅटऱ्या, डिझेल, स्पेक्ट्रमचा लिलाव, रस्ते खोदायची परवानगी आणि महापालिकेचं खोदाई शुल्क हे सगळं इथे येतं. पण या भागाचे पैसे आपण दर महिन्याला रिचार्ज करून भरतो. त्या रिचार्जने आपण विकत घेतो ते हेच की इंटरनेटवरून मी जे मागेन ते माझ्यापर्यंत आणून द्या.

इथे एक साधी गोष्ट वादात नेहमी निसटते. नेटफ्लिक्स आपण होऊन कोणाच्या फोनवर सिनेमा पाठवत नाही. कोणीतरी बोट लावतं, तेव्हा तो निघतो. कंपन्यांच्या निवेदनांतून ‘ट्रॅफिक निर्माण करणाऱ्या कंपन्या’ असा उल्लेख येतो. ट्रॅफिक निर्माण करतो तो ग्राहक, आणि तो त्यासाठी आगाऊ पैसे भरून बसलेला असतो.

जीबी मोजून खर्च कळत नाही

आपल्याला डेटा जीबीत विकला जातो, त्यामुळे खर्चही जीबीनुसार होत असेल असं वाटतं. तसं नसतं. पहाटे तीनला तुम्ही दोन जीबीचा सिनेमा उतरवून घेतलात, तर कंपनीला त्याचा जादा खर्च जवळपास काहीच येत नाही. टॉवर चालूच असतो, फायबर रिकामा असतो. खर्च ठरतो तो गर्दीच्या वेळेवर. विरार लोकल किती डब्यांची हवी आणि किती मिनिटांनी सोडायची, हे दुपारी दोनच्या रिकाम्या गाडीवरून ठरत नाही. सकाळी साडेआठला फलाटावर किती माणसं उभी आहेत त्यावरून ठरतं. नेटवर्कचंही तेच. रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान एका सेकंदाला किती डेटा जाऊ द्यावा लागतो, तेवढी क्षमता बांधावी लागते. उरलेला दिवस ती अर्धीमुर्धी पडून असते.

नेटवर्क कंपन्या आपापसात क्षमता विकत घेतात, तेव्हा त्यांचे हिशेब याच पद्धतीने होतात. दर पाच मिनिटांनी वापर मोजतात, महिन्याचे सगळे आकडे उतरत्या क्रमाने लावतात, वरचे पाच टक्के सोडून देतात आणि त्याखालच्या आकड्यावर बिल काढतात. महिन्यात एकूण किती जीबी गेले, याला त्या बिलात महत्त्व नसतं.

तेव्हा एखादी कंपनी ‘अमक्यामुळे आमच्याकडे इतके टक्के डेटा जातो’ असं सांगते, त्यावरून खर्चाबद्दल फारसं काही कळत नाही. विचारायला हवं ते हे: गर्दीच्या तासात तो किती होता, आणि त्यासाठी नवीन काय बांधावं लागलं?

गर्दीचा विषय निघालाच आहे, तर २०२३ ची आयपीएल आठवा. जिओसिनेमाने ती सगळ्यांना फुकट दाखवली, आणि अंतिम सामना एका वेळी तीन कोटींहून जास्त लोक पाहत होते. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा हॉटस्टारवर हा आकडा ५.९ कोटींवर गेला. देशातल्या नेटवर्कवर एकाच क्षणी पडणारा एवढा भार क्रिकेटखेरीज कशानेच येत नाही. जिओसिनेमा तेव्हाही रिलायन्सच्याच घरातलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्नेचा भारतातला मनोरंजन व्यवसाय एकत्र झाला, आणि फेब्रुवारी २०२५ पासून दोन्ही अ‍ॅपं मिळून जिओहॉटस्टार झालं. देशातली सगळ्यात मोठी मोबाइल कंपनी आणि सगळ्यात मोठा स्ट्रीमिंग मंच आज एकाच समूहाकडे आहेत. मोबाइल कंपन्या मागतात तो वाटा, म्हणजे नेटवर्कशुल्क, लागू झालं तर जिओहॉटस्टारने जिओला द्यायचे पैसे समूहाच्या या खिशातून त्या खिशात जातील. त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्याचे मात्र खरोखर बाहेर जातील, आणि तेही प्रतिस्पर्ध्याच्या हातात. या एका गोष्टीची चर्चा आपल्याकडे फार कमी होते, याचं मला वाईट वाटतं.

गर्दी सांभाळण्याचा दुसरा मार्गही आपण पाहिला आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला, सगळा देश घरी बसला आणि नेटवर्कवर ताण आला. २४ मार्चला स्ट्रीमिंग कंपन्यांनी मिळून ठरवलं की १४ एप्रिलपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ ४८० पिक्सेलपेक्षा वरच्या दर्जाचा द्यायचा नाही. कोणी कोणाला बिल पाठवलं नाही, आणि नेटवर्क चालत राहिलं.

मिस्ड कॉलचा देश

‘पाठवणाऱ्याच्या नेटवर्कने पोचवणाऱ्या नेटवर्कला पैसे द्यायचे’ हा नियम भारताला नवा नाही. फोन कॉलसाठी आपण तो वर्षानुवर्षं चालवला आहे.

भारतात मोबाइल आला १९९५ मध्ये. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे अनोळखी नंबर पाहून लोक फोन उचलत नसत. १ मे २००३ पासून पैसे फक्त फोन करणाऱ्याने द्यायचे असं ठरलं आणि इनकमिंग फुकट झालं. पण कॉल ज्या कंपनीच्या ग्राहकाकडे जातो तिलाही काही मिळायला हवं, म्हणून फोन करणाऱ्याच्या कंपनीने तिला मिनिटामागे ठरावीक रक्कम द्यायची, अशी व्यवस्था झाली. हे झालं इंटरकनेक्ट शुल्क, म्हणजे आययूसी. नंतर ते कमी होत गेलं: १४ पैसे, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य.

या शुल्काने काय झालं ते बघण्यासारखं आहे. जिओचे ग्राहक कॉल करत जास्त, आणि त्यातले पुष्कळ इतरांच्या नेटवर्कवर जात. म्हणून शुल्क लवकर शून्य व्हावं यासाठी जिओ भांडत होती. जुन्या कंपन्यांकडे येणारे कॉल जास्त, म्हणून त्यांना ते हवं होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओने हा सहा पैशांचा भार ग्राहकांकडून घ्यायला सुरुवात केली. त्याच सुमाराला फोनची रिंग किती सेकंद वाजावी यावरून भांडण पेटलं. रिंग लवकर थांबली की समोरच्याला मिस्ड कॉल दिसतो, तो उलट फोन करतो, आणि कॉलची दिशा बदलली की शुल्काचीही दिशा बदलते. एका कंपनीने रिंग वीस-पंचवीस सेकंदांवर आणली, दुसऱ्यांनी तक्रारी केल्या, मग त्यांनीही तेच केलं. शेवटी ट्रायला आदेश काढून मोबाइलची रिंग ३० सेकंद आणि लँडलाइनची ६० सेकंद ठरवून द्यावी लागली.

मिनिटाला सहा पैसे मिळतात म्हणून देशातल्या फोनची घंटा आखूड झाली. पाठवण्यावर शुल्क लागलं की कंपन्या नेटवर्कची रचना ग्राहकाच्या सोयीने करत नाहीत, शुल्क वाचवायच्या हिशेबाने करतात. जो नियम आपण फोनसाठी मोडीत काढला, तोच आता डेटासाठी आणा असं म्हटलं जातंय. त्यातही, फोनमध्ये कॉल करणारा स्वतःहून करतो. डेटात मात्र मागणारा असतो घेणारा, म्हणजे दिशाच उलटी. निक्सीने सुरुवातीच्या काळात जो हिशेब ठेवला होता तो या दृष्टीने जास्त बरोबर होता: ज्या नेटवर्कने जास्त डेटा मागवला, त्याने देणाऱ्याला पैसे द्यायचे.

कोरियात काय झालं

डेटासाठी हा नियम प्रत्यक्ष लावून पाहिलेला देश म्हणजे दक्षिण कोरिया. २०१६ पासून तिथल्या मोठ्या इंटरनेट कंपन्यांना एकमेकांकडे जितका डेटा पाठवला जाईल, तितके पैसे देणं बंधनकारक झालं. त्याआधी बरोबरीच्या कंपन्या आपापसात फुकट देवाणघेवाण करत.

पहिला परिणाम कोणाच्या ध्यानीमनी नसलेला होता. फेसबुकचा कॅश सर्व्हर केटी या कंपनीकडे होता, आणि तिथून एसके ब्रॉडबँड व एलजी यूप्लसच्या ग्राहकांनाही फेसबुक मिळे. नव्या नियमाने केटीला त्या डेटाचे पैसे या दोघांना द्यावे लागले असते. म्हणजे लोकप्रिय गोष्ट आपल्याकडे ठेवणं हाच गुन्हा ठरला. केटी फेसबुककडे पैसे मागू लागली. फेसबुकने या दोन कंपन्यांच्या ग्राहकांचा मार्ग बदलून तो परदेशातून नेला, आणि त्यांचं फेसबुक संथ झालं. सरकारने मार्च २०१८ मध्ये फेसबुकला ३९ कोटी ६० लाख वॉनचा दंड केला, आणि पुढे खालच्या कोर्टाने व वरच्या कोर्टानेही तो रद्द केला. डेटा ग्राहकाच्या जवळ आणून ठेवणं सगळ्यांच्या फायद्याचं असताना, नियमाने तो लांब ढकलला.

मग नेटफ्लिक्स. नेटफ्लिक्सने नेटवर्कचे पैसे द्यावेत म्हणून एसके ब्रॉडबँडने नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारी नियामकाकडे तक्रार नेली, नेटफ्लिक्स एप्रिल २०२० मध्ये कोर्टात गेली. कोर्टाने जून २०२१ मध्ये नेटफ्लिक्सच्या विरोधात निकाल दिला. त्याच सप्टेंबरात ‘स्क्विड गेम’ आली, जगभर गाजली, आणि एसकेने उलटा दावा ठोकला. कंपनीचं म्हणणं होतं की मे २०१८ ते सप्टेंबर २०२१ या काळात नेटफ्लिक्सचा डेटा सेकंदाला ५० गिगाबिटवरून १२०० गिगाबिटवर गेला. आकडा मोठा आहे खरा, पण कॅश सर्व्हर आपल्या इमारतीत बसवून घेतला असता तर त्यातला बराचसा डेटा समुद्री केबलवर आलाच नसता. सप्टेंबर २०२३ मध्ये दोघांनी दावे मागे घेतले आणि भागीदारी जाहीर केली. किती पैसे कोणी कोणाला दिले हे बाहेर आलं नाही.

नेटफ्लिक्सला वाटाघाटी परवडल्या. ट्विचला परवडल्या नाहीत. खेळाडू स्वतः खेळत असताना थेट प्रक्षेपण करतात, त्याचा हा मंच. इथे क्षणोक्षणी नवा व्हिडिओ तयार होतो, त्यामुळे आधीच भरून ठेवलेल्या प्रतींचा फारसा उपयोग नसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये ट्विचने कोरियात व्हिडिओचा दर्जा ७२० पिक्सेलवर आणला. तेही पुरलं नाही. इतर बहुतेक देशांच्या दहापट नेटवर्कशुल्क इथे पडतं असं सांगून २७ फेब्रुवारी २०२४ ला ट्विचने कोरियातलं दुकान बंद केलं. अ‍ॅमेझॉनसारख्या मालकाच्या कंपनीची ही गत. मराठीत नाटकं, कीर्तनं किंवा शेतीचे व्हिडिओ दाखवणारा एखादा स्वतंत्र मंच उद्या निघाला, तर त्याला देशातल्या तीन मोबाइल कंपन्यांशी वाटाघाटी करायला कोण बसेल?

‘शुल्क फक्त बड्या कंपन्यांना, लहानांना सूट’ असं सांगितलं जातं. पण लहान मंच आपला डेटा कोणाच्या तरी क्लाउडवर ठेवतो, आणि तो क्लाउड बड्या कंपनीचाच असतो. क्लाउडवर शुल्क बसलं की भाडं वाढतं.

युरोपातही टेलिकॉम कंपन्यांनी हीच मागणी केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या नियामकांच्या मंडळाने, बेरेकने, प्राथमिक तपासणी करून सांगितलं की अशा शुल्काची गरज दाखवणारा पुरावा सापडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेबरोबरच्या व्यापार निवेदनात युरोपीय संघाने असं शुल्क लावणार नाही, हे लिहून दिलं.

कंपन्यांची अडचण खरी आहे का?

काही अंशी आहे, आणि ती मांडायलाच हवी. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली आणि डेटाचे भाव कोसळले. सरकारी आकड्यांनुसार २०१४ मध्ये एका जीबीला सुमारे २६९ रुपये पडत, ते पुढे दहा रुपयांच्या आसपास आले. आज सरासरी ग्राहक महिन्याला २० जीबीहून जास्त डेटा वापरतो. वरून ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एजीआरच्या, म्हणजे समायोजित महसुलावर सरकारला द्यायच्या शुल्काच्या, थकबाकीचा निकाल सरकारच्या बाजूने दिला, आणि कंपन्यांच्या डोक्यावर हजारो कोटींची देणी आली. ऑगस्ट २०२२ च्या फाइव्हजी लिलावात एकूण १ लाख ५० हजार १७३ कोटींच्या बोली लागल्या, त्यात एकट्या जिओच्या ८८ हजार कोटींहून जास्त. व्होडाफोन आयडियाची स्थिती इतकी बिकट झाली की सरकारने देण्यांच्या बदल्यात शेअर घेतले, आणि आज जवळपास ४९ टक्के हिस्सा सरकारचा आहे.

पण या यादीत नीट पाहिलं तर यूट्यूब कुठेच नाही. भावयुद्ध कंपन्यांनी आपसात केलं. स्पेक्ट्रमचा पैसा सरकारने घेतला. एजीआरचा वाद सरकारशी होता. उलट लोकांनी महागडे डेटा पॅक घेतले ते या व्हिडिओंसाठीच. नुसत्या ईमेलसाठी रोजचे दोन जीबी कोण घेतं? आणि सगळ्याच कंपन्या बुडीत आहेत असंही नाही. जुलै २०२४ मध्ये तिघींनी दर साधारण १० ते २५ टक्क्यांनी वाढवले. त्यानंतर, मार्च २०२५ अखेर एअरटेलला एका ग्राहकामागे महिन्याला सुमारे २४५ रुपये आणि जिओला सुमारे २०६ रुपये मिळत होते. जिओ प्लॅटफॉर्म्सने त्या वर्षात २५ हजार कोटींच्या पुढे निव्वळ नफा कमावला. याच जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये २०२० साली फेसबुकने ४३,५७४ कोटी आणि गूगलने ३३,७३७ कोटी रुपये गुंतवले होते.

मग पैसे कोणी भरायचे?

मुख्य वाटा ग्राहकाचाच, आणि तो उघडपणे. रिचार्ज खर्चाला पुरत नसेल तर दर वाढवावेत. दरवाढ कोणालाच आवडत नाही, मलाही नाही. पण ती दिसते, तिच्यावर बोलता येतं, कंपनी बदलता येते. यूट्यूबमार्गे घेतलेलं शुल्क जाहिरातींतून आणि सबस्क्रिप्शनमधून आपल्याकडूनच वसूल होईल, फक्त ते कुठे दिसणार नाही. दर ठरवतानाही गर्दीचा विचार करता येईल. रात्री बारानंतरचा डेटा स्वस्त किंवा अमर्याद देणारे पॅक आपल्याकडे आले आहेत. ज्याला सिनेमा उतरवून ठेवायचा आहे तो रात्री उतरवील, आणि नऊ वाजताची गर्दी तेवढी हलकी होईल. उलट, ज्याला फक्त बोलायचं आहे आणि बँकेचा एसएमएस हवा आहे, त्या आजीला डेटाचं ओझं नसलेला स्वस्त पॅक मिळायला हवा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, ते योग्यच झालं.

सरकारने आपला वाटा भरायचा तो घेणं कमी करून. कंपन्या आपल्या समायोजित महसुलाचे ८ टक्के परवाना शुल्क भरतात, स्पेक्ट्रमचे हप्ते वेगळे, आणि आपल्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी वेगळा. रस्ता खोदायची परवानगी आणि त्याचे दर गावोगाव निराळे. केबल टाकण्यात केबलपेक्षा खोदाईच महाग पडते, त्यामुळे इथे कमी केलेला प्रत्येक रुपया थेट नेटवर्कमध्ये जातो. १ जानेवारी २०२५ पासून याचे नवे नियम लागू झाले आहेत. ते महापालिका आणि ग्रामपंचायतींपर्यंत किती पोचतात, त्यावर लक्ष ठेवायला हवं.

आणि जिथे कोणतीच कंपनी नफ्यासाठी जाणार नाही, तिथला खर्च सार्वजनिक पैशातून. या कामासाठी निधी आहे, आणि तो आपणच भरतो. वर सांगितलेल्या ८ टक्क्यांतले ५ टक्के खास याच कामाच्या निधीत जातात. आधी त्याला यूएसओ फंड म्हणत, २०२४ पासून तो डिजिटल भारत निधी झाला. या निधीतले हजारो कोटी वर्षानुवर्षं खर्च न होता पडून राहिले. गडचिरोलीतल्या आणि नंदुरबारच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर लॉकडाउनच्या काळात मुलं अभ्यासासाठी टेकडीवर चढून रेंज शोधत होती, तेव्हाही तो पडून होता. जुलै २०२२ मध्ये नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांमध्ये फोरजी नेण्याची २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली, ती बीएसएनएलकडे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेटसाठी, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या सरकारी योजनेसाठी, १ लाख ३९ हजार ५७९ कोटी मंजूर झाले. पैशाची तरतूद आहे. ती पाड्यापर्यंत पोचली की नाही हे तालुक्यानिहाय, महिन्यामहिन्याला जाहीर व्हायला हवं. ग्रामपंचायतीत फायबरची पेटी लागली, पण त्यातून प्रकाश येतो का, हे गावकऱ्याला विचारता आलं पाहिजे.

राहिला प्रश्न ट्रायचा. २०१५ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांनी ट्रायला ईमेल पाठवून सांगितलं होतं की एका साइटला एक भाव आणि दुसरीला दुसरा, असं इंटरनेट आम्हाला नको. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने तसा नियम केला, आणि २०१८ मध्ये डेटात भेदभाव करू नये ही अट कंपन्यांच्या परवान्यात आली. ग्राहकाकडून वेगवेगळे भाव घ्यायला या नियमाने बंदी आहे. नेटवर्कशुल्क तीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून करतं, कारण जी कंपनी पैसे देणार नाही, तिचा डेटा अडकला तर तो कोणी सोडवायचा हे कोणीच सांगत नाही. वाटा मागणाऱ्या कंपन्यांकडून ट्रायने आधी काही आकडे मागवावेत आणि ते सगळ्यांना दाखवावेत: प्रत्येक सर्कलमध्ये (दूरसंचार विभागात) गर्दीच्या तासातला भार, त्यातला कॅश सर्व्हरवरून किती आणि बाहेरून किती, आणि आपल्याच समूहाच्या अ‍ॅपचा किती. आयपीएलचा हंगाम त्या मोजणीसाठी चांगला मुहूर्त आहे.